रिकाम्या कांड्या

पोकर मला माझ्या धाकट्या भावाने शिकवला, एका शुक्रवारी दुपारी, शेलार गावात, आमच्याच लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडमध्ये. शुक्रवारी आमचे लूम बंद असतात. भाऊ पुण्याला नोकरीत. बाबांनी बोलावलं म्हणून आला होता. बाबांचे गुडघे थकले होते. लूम तू चालवणार का, एवढंच त्याला विचारायचं होतं, पण तो आल्यापासून हा विषय कुणी काढत नव्हतं. मग भावाने पत्ते काढले.

पैसे लावायला बाबांनी साफ नकार दिला. म्हणून आम्ही रिकाम्या कांड्या वाटून घेतल्या. आडवं सूत ह्याच कांड्यांवर भरतात. भरलेली कांडी नसेल तर लूम नुसता उभा.

हातात दोन पत्ते, ते आपले. मध्ये हळूहळू पाच उघडायचे, ते सगळ्यांचे. त्यातून पाचांचा डाव जमवायचा. बाबांना तीन पत्ती येते, त्यामुळे त्यांनी भराभर मान डोलावली. पण इथे रंग हा सलग पत्त्यांपेक्षा मोठा, हे ऐकल्यावर बिथरले.

"उलटाच कारभार हाय तुमचा," म्हणाले.

मला आवडला तो 'चेक'. आपली पाळी आली की काही न लावता नुसतं चेक म्हणायचं आणि खेळात राहायचं.

"पण कुणी लावलं की चेक संपला, ताई," भाऊ म्हणाला. "मग तेवढं टाकायचं, नाहीतर पत्ते खाली ठेवायचे."

चेक मला शिकवायची गरज नव्हती. बाबा आडवे झाले की शेड मीच बघत होते. तुटलेले धागे, कारागिरांच्या शिफ्ट, ताग्यांची मोजणी, सगळं. लूम मला हवे होते. पण विचारायचं ते भावाला, हे घरात ठरलेलं, आणि मीही कधी तोंड उघडलं नाही. 'नाही' ऐकून घेण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा माझा हिशेब.

चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, हा पुढचा नियम. चेहरे आमचे कोरेच. अडचण ओठांची. लूमच्या खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून शेडमधली माणसं ओठांनी बोलतात आणि ओठ वाचतात. एकटी विचार करतानाही त्यांचे ओठ हलतात. बाबांना दोन राण्या आल्या आणि त्यांचे ओठ 'राणी, राणी' म्हणाले. आम्ही दोघांनी मुकाट पत्ते ठेवले. पुढच्या डावात माझा एक्का असाच फुटला. शेवटी बाबांनी गमछा बांधला, भावाने रुमाल, मी ओढणी. दरोडेखोर बसावेत तसे आम्ही बसलो.

आता डाव रंगला. मधला चौथा पत्ता उघडला आणि भावाने एकदम रुमाल खाली घेतला.

"बाबा, मी परत नाही येणार."

बाबा पत्त्यांकडेच बघत राहिले. "वाटलंच व्हतं. उद्या भंगारवाल्याला बोलावलाय. लूम देऊन टाकू."

मला राग आला. बाबांचा आला, त्याहून जास्त स्वतःचा.

भावाने रुमाल पुन्हा वर ओढला, मान खाली घातली आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "ताई, तुझी पाळी."

आता चेक चालणार नव्हता. मी ओढणी खाली केली, पण आवाजच फुटेना. मग पलीकडच्या लूमवरच्या माणसाशी बोलतात तसं, बाबांकडे बघून नुसत्या ओठांनी म्हटलं, मी चालवते.

भावाला काही कळलं नाही, तो पत्त्यांत बघत होता. बाबांनी वाचलं. गमछ्याआड त्यांचे ओठ हलले, पण काय म्हणाले ते मला दिसलं नाही. कधी नव्हे ती भीती वाटली.

त्यांनी पत्ते पालथे ठेवले आणि हाताने सगळ्या कांड्या, त्यांच्या, भावाच्या, मधल्या, माझ्या पुढ्यात लोटल्या.

"बाबा, डाव संपला नाही अजून," भाऊ म्हणाला.

बाबांनी गमछा सोडला. "उद्या सकाळच्याला ह्या भरलेल्या पायजेत," ते मला म्हणाले.