डेअरीच्या भिंतीवरची म्हैस

नेकनूरच्या अलीकडं आमच्या गावात दूध सोसायटी होती. मी तिथं दुधाची फॅट तपासायचो. पाटीखाली भिंतीवर एक म्हैस काढ, एवढंच सोसायटीनं पेंटरला सांगितलं होतं. त्यानं दूध घालायला येणाऱ्या धनगरवाड्यातल्या मावशीची म्हैस समोर उभी करून काढली. डावं शिंग वाकडं, कान फाटलेला, पोटापर्यंत पाणी. काळ्या कातडीवर निळ्या रंगाचे असे हात फिरवले होते, की म्हैस नुकतीच डोहातून उठलीय असं वाटावं. नळीत दूध घेता घेता माझी नजर तिकडंच जायची.

मग दुष्काळ पडला. कॅन भरेनात. मावशीची ती म्हैस चाऱ्यावाचून बाजारात गेली. दावणीला एकच उरली.

एका सकाळी चेअरमन आले. मागं चुन्याची बादली घेऊन तोच पेंटर. चेअरमनच्या मेव्हण्यानं पशुखाद्याचा धंदा काढला होता, त्याची जाहिरात भिंतीवर करायची होती.

"मार चुना," चेअरमन म्हणाले.

पेंटरनं ब्रश बुडवला, पण हात वर जाईना. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून नळी हलवत राहिलो.

रांगेतून मावशी पुढं आली. "काहून पुसायलात?"

"भिंत सोसायटीची हाय, मावशी," चेअरमन म्हणाले.

"आन् सोसायटी कुणाची? मी बी सभासद हाय. हिला चुना लागला तर उद्यापासून माझं दूध न्हाई."

"माझं बी न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं. रांग हलली. चुना ब्रशवरून थेंबथेंब फरशीवर गळत होता.

चेअरमनचा चेहरा तांबडा झाला. ते माझ्याकडं वळले. "तुमी सांगा. चित्रानं काय दूध वाढतंय का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नोकरी चेअरमनच्या हातात होती.

"मागची भिंत रस्त्याकडं हाय, साहेब," मी कसंबसं म्हणालो. "जाहिरात तिथं जास्त दिसंल."

त्यांनी एकदा रांगेकडं पाहिलं. मग पेंटरला म्हणाले, "चल मागं."

मावशीनं चरवी माझ्यापुढं ठेवली. मी दूध मोजलं, पण तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. ते चित्र मलाही लई आवडायचं, हे मी तिला कधीच सांगितलं नाही.