हेल्मेटमधली पोर

गेल्या शनिवारी आम्ही दोघं गुरुग्रामच्या बाजूला, आमच्या लेकीच्या, सानिकाच्या शाळेत गेलो होतो. कॉन्व्हेंट, हॉस्टेल आणि हॉकीचं प्रचंड वेड... त्या दिवशी इंटर-हाऊस फायनल होती. सानिका नववीत, तिच्या हाऊसची गोलकीपर.

पण खरं सांगू? मी मॅचसाठी गेलेच नव्हते. ह्यांची गुवाहाटीला बदली झाली तेव्हा शाळा बदलायला नको म्हणून तिला हॉस्टेलला ठेवलं होतं. आता आम्ही पुन्हा दिल्लीत, आर. के. पुरमला क्वार्टर मिळालंय. मग पोरगी हॉस्टेलला कशाला? तिला घरी आणायचं, हे मनात पक्कं करूनच मी निघाले होते. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "आई, फायनलनंतर बोलू."

मैदानाच्या कडेला मेरीमातेचा पुतळा आहे. मॅचआधी दोन्ही टीम तिथं स्टिक्स खाली ठेवून प्रार्थना करतात. मीही मनातल्या मनात गणपतीला साकडं घातलं.

मॅच सुरू झाली आणि मी जी ओरडायला लागले! "शाब्बास सानू! घाबरू नकोस गं!" एक बॉल तर तिनं आडवं पडून अडवला, तेव्हा मी खुर्चीवरून उठून नाचलेच. हे मला खाली ओढत होते, लोक बघतायत म्हणून. बघू देत की! तेवढ्या गडबडीतही मनात आलं, पोरगी केवढी उंच झालीये... हॉस्टेलचं जेवण मानवलं म्हणायचं.

एका गोलने जिंकलो. गोलकीपर धावत थेट माझ्याकडे आली, हेल्मेट काढलं... आणि मी बघतच राहिले. ही तर भलतीच मुलगी!

ती अनिमा. बारावीतली, झारखंडची. तिच्या मागून सानिका आली, अंगावर घामाचा टिपूस नाही. तेव्हा कुठे उलगडा झाला. इथला रिवाज आहे म्हणे... वर्षभर गोलमध्ये कोणीही उभं राहो, फायनल मात्र शाळा सोडून जाणाऱ्या मुलीनं खेळायची. हाऊसचं किट एकच, त्यामुळे पॅड आणि हेल्मेट चढवलं की सगळ्या सारख्याच दिसतात.

मी सानिकावर भडकलेच. अगं, बेंचवरून हात तरी हलवायचास! घसा बसला माझा.

"हलवणारच होते. पण तू ओरडलीस आणि दीदी एकदम ताठ उभी राहिली. तिचं गाव किती लांब आहे, आई... तिच्या मॅचला कधीच कोणी येत नाही. म्हटलं, ओरडू दे तुला."

अनिमा बाजूला उभी राहून हसत होती. तिला मराठी काय कळणार! पण मला म्हणाली, "आंटी, पता था कि सानू मैं नहीं हूँ... फिर भी बहुत अच्छा लगा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तिला जवळ घेतलं, घामानं भिजलेल्या जर्सीसकट.

मग सानिकानं हळूच सांगितलं की तिला इथंच राहायचंय. मी घरून सगळे मुद्दे तयार करून नेले होते हो... पण ते सगळे तिथंच सोडून दिले. आपली जागा दुसरीला देऊन, वर तिच्या वाट्याला आपली आईसुद्धा देणारी पोरगी जिथं घडली, तिथून तिला कुठल्या तोंडानं काढू?

घर रिकामं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या सुट्टीच्या रविवारी दोघी जेवायला येणार आहेत. अनिमा शाळेनंतरही खेळणार आहे आणि तिला मी सांगून ठेवलंय, दिल्लीत कुठेही मॅच असू दे, कळव.

मी येणार. आणि या वेळी तुझंच नाव घेऊन ओरडणार.