रापणीतलं पिल्लू

सई, निहार, खडकांवर ऊन खाणारे सी लायन काल तुम्ही फोनवर दाखवलेत आणि विचारलंत, "आजी, तुमच्या समुद्रात काय आहे?" आज सकाळी जे पाहिलं ते विसरण्याआधी लिहिते.

आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी रापण ओढत होते. रापण म्हणजे दोन्ही टोकांनी वाळूवर ओढून आणायचं लांबलचक जाळं. त्यात गाद्याचं, म्हणजे डॉल्फिनचं पिल्लू अडकलं होतं. आई बाहेर येरझारा घालत होती. तिला सहज दूर जाता आलं असतं, पण ती गेली नाही. वर येऊन ती श्वास सोडायची, तो फुस्स आवाज मला किनाऱ्यावर ऐकू येत होता.

जाळ्याची कड खाली दाबली तर पिल्लू सुटलं असतं, पण सगळे बांगडेही गेले असते. छातीभर पाण्यात उभे असलेले रापणीचे म्होरके बाबीकाका म्हणाले, "दाबा खाली."

"मगे जेवणाक काय?" त्यांच्या सुनेने विचारलं.

"डाळ. तुका करूक येता मा?"

कड खाली गेली. बांगडे चकाकत निसटले, त्यांच्यामागून पिल्लू. दोन राखाडी पाठी शेजारी शेजारी वर आल्या. आपल्यासारखीच हवा लागणारे, पिल्लांना दूध पाजणारे हे जीव जन्मभर पाण्यात राहतात, याचं मला या वयातही नवल वाटतं.

दुपारी गच्चीवरून पाहिलं. दोघंही अजून खाडीच्या तोंडाशी आहेत.