ताईनं एकही गोल मारला नाही

ताई आइस हॉकी खेळते म्हटलं की लोकांना वाटतं, आता हा बर्फाचे डोंगर सांगणार. सॉरी राव. या गोष्टीत चिंचवडच्या आमच्या सोसायटीचं बेसमेंट आहे.

ताई डिफेन्सला. समोरची पोरगी गोलकडे सुसाट सुटली की तिच्याकडे तोंड ठेवून उलटं सरकत जायचं आणि तिला कडेला दाबायचं, हे तिचं काम. खरा बर्फ फक्त हिवाळ्यात, लडाखच्या कॅम्पला. एरवी चाकांचे स्केट घालून बेसमेंटच्या रिकाम्या कोपऱ्यात. मी सायकल तिच्या अंगावर घालायचो, ती खांबांमधून उलटी पळायची.

मग चेअरमनकाकांनी त्या कोपऱ्याला जाळी लावून कुलूप ठोकलं. फरशी खराब होते म्हणे. काकांच्या गाडीचं ऑइल गळतं त्याच फरशीवर, ते चालतं. पुढच्या कॅम्पची निवड तोंडावर आलेली आणि ताई चऱ्होलीच्या अर्धवट रस्त्यावर डंपर चुकवत सराव करायची.

तिच्या टीमनं मेडल आणलं आणि गेटवर फ्लेक्स लागला. काकांचा फोटो भोपळ्याएवढा, ताईचा लिंबाएवढा. वर तिच्या हातात मैदानी हॉकीची स्टिक चिकटवलेली. सत्काराला शाल-नारळ देऊन काकांनी माइकवर विचारलं, "किती गोल मारले बेटा?"

"एकपण नाही."

"असू दे. पुढच्या वेळी मार."

हॉल हसला. माझं डोकंच फिरलं. अहो, गोल होऊ न देणं हे तिचं काम. वॉचमनला कुणी विचारतं का, किती चोऱ्या केल्यास?

कार्यक्रम कुठलाही असो, शेवटी मला मिमिक्रीला उभं करतात. मी पोट पुढं काढलं, घसा काकांसारखा खाकरला आणि म्हणालो, "या मुलीचा आम्हाला अभिमान आहे. तो आम्ही जाळीत कुलूपबंद ठेवलाय. चावी माझ्या खिशात."

मघापेक्षा मोठं हसू आलं. काका चहा न घेताच निघून गेले.

वाटलं, घरी ताई पाठ थोपटेल. तिनं शाल माझ्या अंगावर फेकली.

"माकडा, आज ते चावी देणार होते. उद्यापासून सराव कर, असं स्टेजवर कानात म्हणाले होते मला. म्हणून तो गोलांचा प्रश्न गिळला मी. बेसमेंटमध्ये रोज माझ्यावर सायकल घालायचास ना? मी कधी धावून आले का अंगावर? मागं सरत सरत माणसाला कोपऱ्यात घ्यायचं असतं. तू टाळ्यांसाठी पळालास पुढं. आता उद्या सकाळी चऱ्होलीला तूच चल, आणि डंपर आला की हो आडवा."