मशीन कवा येते ते सांग

पुण्यातली नोकरी सोडून मी डोणगावला परत आले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, आणि मला एका जागी बसवत नव्हतं. जेवतानाही पाय हलत राहायचा. आई म्हणायची, "काऊन हालवतं वं पाय? जेव ना निवांत."

निवांतपणा संपला होता तो आदल्या दसऱ्याला. मी सुट्टीवर आले होते. माझी आई दहा-बारा बायांना घेऊन सोंगणीला, मळणीला जाते. कोणाच्या शेतात किती बाया लागतील ते तीच ठरवते. त्या दिवशी मी सहज तिच्यासोबत शेतात गेले. कापून रचलेली सोयाबीनची सुडी ताडपत्रीखाली तयार होती, बाया डोक्याला रुमाल बांधून सकाळी आठपासून तयार होत्या, फक्त मळणीचं मशीन आलं नव्हतं. शेतमालक दर अर्ध्या तासाने मशीनवाल्याला फोन लावायचा आणि तिकडून एकच उत्तर यायचं, "निघालोच." संध्याकाळी पाच वाजता बाया काम न करता घरी गेल्या. दिवस गेला आणि मजुरीही गेली. मला त्याचा राग आला. हे काही फार अवघड नाही, आपण सोडवू शकतो, असं मला वाटलं.

पुण्याच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मित्राला मी हे सांगितलं. त्याने शेत फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलं होतं, पण ॲप बनवण्यात त्याचा हात फार सुंदर चालायचा. आम्ही दोघांनी राजीनामे दिले. सात महिने खपून एक ॲप बनवलं. नकाशावर मशीन दिसायचं, भाव दिसायचा, वेळ ठरवता यायची. भागीदारीचं काही लिहून ठेवू या का, असं मी एकदा विचारलं होतं. तो हसून म्हणाला, "आपल्यात काय कागद करायचा?" मलाही ते बरंच वाटलं.

हंगाम सुरू झाला. मी मेहकर तालुक्यातल्या गावागावात फिरून मशीनवाल्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. सगळे कौतुकाने पाहायचे, चहा पाजायचे, आणि माझी पाठ वळली की कोणी ते उघडायचं नाही. मी दिवसातून पन्नासदा नोंदी तपासायची. पुण्याहून मित्र नवीन रंग, नवीन बटणं पाठवत होता. एका सकाळी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुयं ते ॲप राहू दे. मशीन कवा येते, तेवढं सांग. बाया तेच तं विचारून राह्यल्या."

त्याच दिवशी मी शेजारच्या गावातल्या एका मशीनवाल्या काकांकडे गेले आणि म्हणाले, मला हंगामभर तुमच्यासोबत फिरू द्या.

"बाईमाणूस मशीनवर?" ते म्हणाले. "कुटार जाईल डोळ्यात, भुसा लय उडते."

"चष्मा घालीन."

त्यांनी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर एक पोतं टाकलं. अठरा दिवस मी त्या पोत्यावर बसून फिरले. अंगाला खाज, कानात घरघर, आणि काकांचा फोन सतत वाजत असलेला. ते प्रत्येकाला "निघालोच" म्हणायचे. समोर अजून तीन शेतांचं काम बाकी असायचं.

"काका, खोटं काऊन सांगता?"

"खरं सांगतलं तं तो दुसऱ्याले बोलावते. दुसराई खोटंच सांगते, पण ते मांगून समजते."

सात महिन्यांत मला जे कळलं नव्हतं ते या एका उत्तरात होतं. मशीन कुठे मिळेल हे सगळ्यांना माहीतच होतं. ते कधी येणार, यावर कोणाचा विश्वास नव्हता. मी काकांना म्हणाले, फोन माझ्याकडे द्या. मी खरं सांगायला लागले. "दादा, अजून दोन शेतं आहेत. चार वाजतील. बाया तीनला बोलवा."

पहिल्याच दिवशी दोन गिऱ्हाइकं तुटली. दुसऱ्या दिवशी आणखी एक गेलं. मला रडू येत होतं, पण मी फोन सोडला नाही. चौथ्या दिवशी तुटलेल्यांपैकी एकाचा फोन आला. दुसऱ्या मशीनवाल्याने त्याला दिवसभर ताटकळत ठेवलं होतं. "ताई, तुम्ही सांगा, कवा येता? तुमचं तरी खरं असते." मी काकांकडे पाहिलं. ते स्टिअरिंगवरून मान न वळवता म्हणाले, "उद्या दहा सांग. अन् दहाच सांग, साडेनऊ नोको सांगू."

हंगाम संपेपर्यंत पाच मशीनवाल्यांनी आपले फोन माझ्याकडे सांभाळायला दिले होते. मी घरातल्या टेबलावर कोणानंतर कोणाचं शेत, अशा पाच रांगा वहीत लावून बसायची आणि दर तासाला लोकांना कळवायची. ॲप बंद पडलं होतं, आणि त्याची आठवणही मला येत नव्हती.

मित्राला मात्र येत होती. त्याने पुण्यात एका गुंतवणूकदाराशी बोलणी केली होती. डिसेंबरात आम्ही दोघं त्या गुंतवणूकदाराच्या काचेच्या खोलीत जाऊन बसलो. माणूस सभ्य होता, त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "फोन उचलणं हा व्यवसाय होत नाही. ॲप पुन्हा सुरू करा, वर्षभरात बारा जिल्ह्यांत जा. पैसे मी देतो." त्याने आकडा सांगितला. तेवढे पैसे आमच्या घराण्यात कोणी एकत्र पाहिले नव्हते. मित्राने टेबलाखालून माझा हात दाबला. मी विचार करायला वेळ मागितला.

ते तीन आठवडे मी गच्चीवर नुसत्या चकरा मारल्या. जो भेटेल त्याचा सल्ला होता. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, मिळतंय तेव्हा घ्यावं. पोस्टातून निवृत्त झालेले माझे बाबा म्हणाले, "एवढा भरोसा कोणी टाकून राह्यला तं घे ना बाई." त्यांच्या डोळ्यांत अभिमान होता, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं. आईने फक्त विचारलं, "त्या पैशाचं तू करशील काय?"

मी सांगायला लागले. जाहिरात, माणसं, ऑफिस, बारा जिल्हे.

"अन् मशीनवाल्याले त्यातलं काय?"

दुसऱ्या दिवशी मी नकार कळवला. नकार बरोबर आहे याची खात्री होती म्हणून नव्हे. आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून.

मित्राने फोनवर आवाज चढवला. "हे तुझ्या एकटीचं आहे का? माझे सात महिने?" त्याचं चुकत नव्हतं. कोणाचं किती, हे आम्ही कधी लिहिलंच नव्हतं. पुढचे दोन महिने आम्ही जे बोललो ते आठवलं की आजही मी उठून पाणी प्यायला जाते. शेवटी मेहकरच्या एका वकिलाने कागद केला. ॲप मित्राचं, फोन नंबर आणि मशीनवाल्यांची यादी माझी. सही करताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. बाहेर आल्यावर बसस्टँडपर्यंत आम्ही सोबत चाललो, आणि त्याची बस आधी लागली. आता कोणी नवीन मुलं धंद्याचं विचारायला माझ्याकडे आली की मी त्यांना आधी एवढंच सांगते: मैत्री असेल तर पहिल्याच दिवशी कागद करा. भांडण झाल्यावर कागद होतो, पण मैत्री राहत नाही.

पुढच्या हंगामाआधी मी जुन्या पाच आणि नवीन आठ मशीनवाल्यांना एकत्र बसवलं आणि सांगितलं, या वर्षी फुकट नाही. मग काकांनी खिशातून पैसे काढून सतरंजीवर ठेवले. "हिच्यामुळं मायं डिझेल वाचते. रिकामं फिरनं नाई होत." आणखी आठ जणांनी दिले, चार उठून गेले. आईच्या गटातल्या बायांच्या बारावी शिकलेल्या दोन सुना मी फोनवर बसवल्या. पावसाने एक आठवडा सगळ्या रांगा मोडल्या तेव्हा आम्ही तिघींनी प्रत्येकाला फोन करून "आज नाही" सांगितलं. शिव्या खाल्ल्या. पण कोणी दिवसभर सुडीजवळ बसून राहिलं नाही.

हंगामानंतर नांदुऱ्याहून एक गृहस्थ आले. त्यांचा मळणीयंत्रं दुरुस्त करण्याचा कारखाना. आमच्याबद्दल त्यांनी त्यांच्या गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं. जिल्हे किती, हे त्यांनी विचारलंच नाही. दिवसभर खुर्ची टाकून आमचे फोन ऐकले, दुपारी आईच्या हातचं जेवले, आणि जाताना म्हणाले, "मशीन बंद पडली तं ते कोणाले कळवता?" आम्ही कोणालाच कळवत नव्हतो. "ते मी पाहतो," ते म्हणाले. त्यांनी थोडे पैसे घातले, थोडा हिस्सा घेतला, आणि त्याचा कागद त्याच आठवड्यात झाला.

बरं चाललंय म्हणायला हरकत नाही, पण शांतता काही आली नाही. माझा मित्र पुण्यात दुसऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे, असं ऐकते. बारा जिल्हे आम्हाला जमले असते का, हा प्रश्न मला भाजी चिरतानासुद्धा गाठतो.

परवा हरभऱ्याच्या मळणीसाठी लोणारहून एका बाईचा फोन आला. "तुमी खरी वेळ सांगता म्हने. आमच्याकडं मशीन कवा येईल?" लोणारला आमचं एकही मशीन नाही. तेही मी तिला खरंच सांगितलं. ती म्हणाली, "मंग कोणाले विचारू?" मी तिला दोन दिवस मागितले, सुनांना रांगा समजावून दिल्या, आणि लोणारची पहिली एसटी किती वाजता आहे ते विचारायला स्टँडवर गेले.