मौनीबुवा आणि दिवाळ्याचा प्रिंटर

कॉम्प्युटरवरची अक्षरं जरा मोठी करावीत म्हणून मी सेटिंग उघडलं आणि पाच मिनिटांत अख्खा पडदा आडवा करून ठेवला. अक्षरं होती तेवढीच, फक्त डाव्या कुशीवर झोपलेली. मग मीही मान डाव्या खांद्यावर टाकून बातम्या वाचू लागलो. बायकोला वाटलं मान लचकली. ती बाम घेऊन आली. खरं सांगण्यापेक्षा मी मुकाट्यानं बाम चोळून घेतला.

शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या मौनीबुवांना बोलावलं. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते लिनक्सचं प्रकरण माझ्या गळ्यात मारलं होतं त्यांनीच. "एका कंपनीच्या मालकीचं न्हाय, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय, आन् फुकट हाय," यातला शेवटचा शब्द तेवढा कळल्यामुळे मी हो म्हटलं होतं. आडवा पडदा पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"आयला, झकास! कसं केलंत? परत करून दाखवा बघू."

"अहो, मला सरळ करून हवंय!"

"सरळ होईल वो. वाकडं कसं झालं ते आधी कळू द्या. चूक तुमची न्हाय, आमची हाय."

मौनीबुवा हे अर्थातच सोसायटीनं ठेवलेलं नाव. मूळचे साताऱ्याचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि एरवी इतके बोलके की लोक त्यांना टाळून जिन्यानं जात. पण समोरचा कॉम्प्युटरला बसला की हे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून मागे बसत आणि तोंड घट्ट मिटून घेत. तुम्ही चुका, रडा, शिव्या द्या, शब्द नाही. माणूस कुठं अडतो ते पाहायचं, सेटिंगचं तेवढं पान सोपं करायचं, ते लिनक्स लिहिणाऱ्या मंडळींना पाठवायचं आणि पुन्हा त्याच माणसाला आणून बसवायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. "मी बोललो तर तुमचं काम होतंय, पान तसंच अवघड राहतंय," ते म्हणत. "आन् मी काय डब्यात घालून घरोघर पाठवणार हाय व्हय स्वतःला?"

अडण्याच्या बाबतीत माझ्याइतका गुणी माणूस सोसायटीत दुसरा नव्हता. "ह्यांना जमलं की समजायचं, पान सोपं झालं," असं ते चारचौघांत सांगत, आणि मी आधी सुखावत असे. अर्थ घरी आल्यावर कळे.

त्यांची खरी परीक्षा मात्र दिवाळे गावच्या कोळीवाड्यात होती. तिथल्या कोळणींच्या बचत गटाला कुठल्याशा ऑफिसनं जुने कॉम्प्युटर देऊन टाकले होते. मौनीबुवांनी त्यांवर लिनक्स चढवून दिलं, सुक्या मासळीच्या पाकिटांवर लावायला लेबलं छापता यावीत म्हणून. पण प्रिंटर रुसला की गटाच्या म्होरक्या चंद्राताई फोन करायच्या आणि हे स्कूटर काढून पळायचे. तशात मुलीनं त्यांना बंगळूरला बोलावलं, कायमचं. "मी गेल्यावर ह्या मशिनी भंगारात जाणार," एवढं एकदाच म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून उठले.

चंद्राताईंना त्यांनी जाण्याचं सांगितलं नाही. 'माझ्यासाठी म्हणून जीव लावून करतील, मग परीक्षा कसली?' असं त्यांचं म्हणणं. मला साक्षीला नेलं, प्रिंटरची जोडणी पुसून टाकली आणि म्हणाले, "आता तुम्हीच लावा." चंद्राताई पहिल्याच पायरीवर थांबल्या.

"मुद्रक संरूपण? कोनाच्या बापाला समजल ह्या?"

ते शब्द मौनीबुवांनीच मोठ्या अभिमानानं घडवले होते. घरी येऊन त्यांनी ते खोडले आणि लिहिलं, 'प्रिंटर जोडा'. खालच्या सूचनाही बदलल्या.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी चंद्राताई झरझर पुढे गेल्या आणि शेवटच्या पानावर अडल्या. बाण 'रद्द करा'कडे सरकू लागला. मी तोंड उघडणार तोच मौनीबुवांनी माझ्या पायावर पाय दिला.

"काका, तोंडान पानी धरलाय काय? बोला नं!"

काका गप्प. कान तेवढे लाल झालेले. मागून एक कोळीण ओरडली, "अगो, समोर लिवलंय त वाच नं! डोलं पापलेटाला दिलंस काय?"

चंद्राताईंनी वाचलं. बटण दाबलं. प्रिंटर दोनदा खोकला आणि 'सुके बोंबील' बाहेर आले. बायकांनी गलका केला. मौनीबुवांनाही टाळ्या वाजवायच्या होत्या, पण दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या.

बंगळूरला गेल्यावर त्यांचा फोन आला, आवाज पडलेला. "दिवाळ्याहून एक फोन न्हाय वो. मशिनी बंद पडल्या वाटतं."

आम्ही नवरा-बायको दिवाळ्याला गेलो. मशिनी मजेत चालू होत्या. जुना प्रिंटर मोडला म्हणून चंद्राताईंनी दुसरा आणला होता आणि स्वतःच जोडला होता. काकांना बंगळूरला कळवतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "काका कुठं गेलं? बंगलोरला? कवा?"

तिथूनच मी फोन लावला. भीतभीतच सांगितलं की तुम्ही गेल्याचं इथं कुणाला कळलेलंही नाही. पलीकडून, "खरं सांगताय? कळलंच न्हाय?" आणि फोन बंद करायचं विसरून ते घरात ओरडत सुटले, "आगं ऐकलंस का? तिथं माझी कुणाला गरजच न्हाय!"

परत येताना मी बायकोला म्हणालो, "काय माणूस आहे! आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, याचा कुणाला एवढा आनंद होतो?"

"मी माहेरी गेले की दुसऱ्याच दिवशी तुमचा फोन येतो, कुकरच्या शिट्ट्या किती," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी त्याला प्रेम समजत होते."