महायुद्धाचे परिणाम, पाच गुणांसाठी

शिक्षकी पेशात किस्से साचतातच. पण नोकरीभरचे सगळे किस्से एकाच धड्याभोवती साचावेत, हा मान बहुधा माझ्याच वाट्याला आलाय! मी वसमतला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. धडा आहे महायुद्धानंतरच्या आर्थिक परिस्थितीचा. दरवर्षी तो शिकवते, दरवर्षी स्टाफरूममध्ये येऊन चिडचिड करते आणि अर्थशास्त्राचे गजानन सर दरवर्षी म्हणतात, "मॅडम, पाच मार्कांच्या प्रश्नाला एवढं बीपी वाढवू नका!"

बीपी का वाढतं, ते तुम्हीच ऐका.

•

एकदा सहामाहीच्या वेळी मी आजारी पडले आणि माझे पेपर गजानन सरांनी तपासले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाची किंमत इतकी घसरली, की लोक नोटा चुलीत घालायचे, हे मी वर्गात अगदी तळमळून सांगितलं होतं. जन्मभर काटकसर केलेली म्हातारी माणसं कशी उघड्यावर आली, तेही सांगितलं होतं.

एका पोरानं उत्तरात लिहिलं होतं, 'लोकांनी नोटा जाळल्या. त्यामुळे लाकडाची बचत झाली व पर्यावरणाचे रक्षण झाले.'

आणि सरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले होते!

"सर, ह्याला पूर्ण मार्क?"

"मॅडम, प्रश्नात परिणाम विचारलेत. त्यानं परिणाम लिहिलाय. चांगला का वाईट, असं कुठं विचारलं होतं?"

•

मग परवा-परवाचं ते युद्ध. तिकडं तोफा सुरू झाल्या आणि इकडं बसस्टँडजवळच्या आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात तेलाचा भाव रातोरात चढला.

"अहो शेठ, काल तर एवढा नव्हता!"

"मॅडम, बातम्या बघत न्हाई का? सूर्यफूल तिकडूनच येतं."

"येत असेल. पण हा डबा दिवाळीपासून ह्याच फळीवर आहे! त्याच्यावर धूळ बसलीय!"

शेठनी फडक्यानं धूळ पुसली. "डबा जुना हाय मॅडम. भाव ताजा हाय."

पुढे बाजारात तेल उतरलं. मी मुद्दाम गेले. भाव तोच!

"आता तर उतरलंय ना?"

"हा माल जुना हाय मॅडम, महागाचा. कसा उतरवू?"

"मागच्या वेळी जुन्या मालाला नवा भाव लावलात की!"

"तव्हा युद्ध व्हतं ना!"

मी त्या दुकानात जाणं सोडलं. दुसऱ्या दुकानात गेले. तिथंही तोच भाव.

•

आमचे शिपाई मारोतीमामा कुरुंद्याचे. घरच्या शेतात थोडी हळद असते. ते खताच्या दुकानी रांगेत उभं राहायला म्हणून अर्ध्या दिवसाची सुटी टाकून गेले आणि संध्याकाळी हात हलवत परत आले.

"काय झालं मामा?"

"दुकानदार खत न्हाई म्हनला मॅडम. युद्धामुळं जहाजंच अडकून पडली म्हने. मी म्हनलं बरं, अन निघालो. तसा त्यो मागून हाका मारून राहिला. म्हने, ही औषधाची बाटली घ्या संगं, मंग देतो एक गोनी आतून काढून."

"कसलं औषध?"

"काय की! त्यालाबी सांगता येईना. मला लागतच न्हाई त्ये, मी काहून घेऊ?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या इतकंच इचारलं, का भाऊ, ही बाटली घेतली का युद्ध थांबतं का?"

दुकानदारानं त्यांना रांगेच्या बाहेर काढलं!

•

पालक-मेळाव्याला एका पोरीचे वडील आले होते. तेही हळदवाले. समुद्रात युद्धाची भीती आहे, माल बाहेर जाईना, असं सांगून व्यापाऱ्यांनी हळदीचा भाव पाडला होता. त्यांनी गजानन सरांना कारण विचारलं. सर खूश! खडू घेऊन फळ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा काढल्या आणि मागणी-पुरवठा समजावून सांगितला.

त्या माणसानं शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, बराबर हाय तुमचं. पन युद्धामुळं खत महागलं, त्ये आमी घेतो. युद्धामुळं हळद पडली, ती आमी इकतो. म्हंजी ह्या युद्धात दोन्ही बाजूंनी आमीच हारून राहिलो, व्हय?"

सरांनी फळा पुसला.

•

एकदा मी वर्गात विचारलं, "दुसऱ्या महायुद्धाची काही खूण आपल्या गावात राहिलीय का?"

मागून एकजण म्हणाला, "इथं कुठं बॉम्ब पडला मॅडम!"

"बरं, रेशनच्या दुकानाला घरी काय म्हणता?"

"कंट्रोल!" अख्खा वर्ग ओरडला.

मग मी सांगितलं. युद्धात धान्य कमी पडलं, कापड कमी पडलं, म्हणून सरकारनं वाटपावर कंट्रोल आणला. युद्ध संपलं, पण टंचाई कित्येक वर्षं हटली नाही. सरकारं बदलली आणि शब्द आपल्या तोंडी तसाच राहिला. पोरं चकित झाली. मला वाटलं, आज तरी धडा पोचला!

तेवढ्यात पहिल्या बाकावरची रेणुका उठली. हिची आई त्या दिवशी शेतातलं काम बुडवून सकाळपासून रांगेत उभी होती आणि दुकानदारानं 'माल संपला' म्हणून शटर ओढलं होतं.

"मॅडम, त्यो कंट्रोल कोनावर व्हता? दुकानदारावर का आमच्यावर?"

•

ह्याच रेणुकाची पणजी सोनाबाई. औंढ्याकडच्या एका खेड्यात राहते, नव्वदी कधीच ओलांडलेली, पण बोलणं खणखणीत. वार्षिक कार्यक्रमात तिला बोलवायचं मी ठरवलं. म्हटलं, पुस्तकातलं पुरे, पोरांनी जित्या माणसाच्या तोंडून ऐकावं.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष, आबासाहेब, आधी बोलायला उभे राहिले आणि खाली बसेनातच! महायुद्धानं जगाला शिस्त दिली, नवे उद्योग दिले, नवी यंत्रं दिली, प्रगतीला वेग आला, असं बराच वेळ चाललं. मी दातओठ खात बसले होते. गजानन सर पुटपुटले, "बीपी, मॅडम!"

शेवटी सोनाबाईला खुर्चीतच माईक दिला.

"निजामाचं राज व्हतं," ती म्हणाली. "म्या लहान व्हते. लढाईच्या नावानं धान्य वसूल करनारी लेव्हीची मानसं आली, संगं शिपाई. आमचं जमिनीतलं पेव उघडलं अन ज्वारी उपसून नेली. माय पेवाच्या तोंडाशी आडवी पडली, तर तिला हाताला धरून बाजूला केलं. बी-बेन्याला तरी ठिवा म्हनत व्हती. न्हाई ठिवलं. मंग आमी रानातला तरोट्याचा पाला शिजवून खाल्ला. कापड तर दिसतच नव्हतं. माय अन काकू, दोघींत एक धडकं लुगडं. एक भाईर गेली का दुसरी दाराआड बसायची. धाकटा भाऊ त्याच साली गेला. आजार काय व्हता? काई आजार नव्हता. पोटात काई नव्हतं."

रेणुका पणजीचा पदर धरून उभी होती. आबासाहेबांनी रुमालानं मान पुसली, घसा साफ केला आणि दुसरा माईक ओढला.

"बरं, ते राहू द्या आजी. दुःखाचं काय, चालायचंच. लेकरांना जरा उत्साह येईल असं सांगा. त्या महायुद्धात शेवटी जिंकलं कोण?"

सोनाबाईनं माईक पुन्हा तोंडाशी नेला.

"कोन की बापा. त्ये सांगायला आमच्याकडं कोनी आलं न्हाई. ज्वारी न्यायला तेवढे आले व्हते."